दोन खोल्यांचा होमस्टे आणि पाच तारे: पाहुण्यांच्या रिव्ह्यूवर धंदा कसा वाढतो?

होमस्टेच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "सर, गावी घर आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत, थोडं कर्ज काढून बाथरूम बांधू शकतो. पण आम्हाला ओळखतो कोण? बुकिंग येणार कुठून?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर सविस्तर बघूया. उदाहरणासाठी आपण कोकण घेऊ, त्यातही मालवण-तारकर्लीचा पट्टा. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आज तिथे घरातल्या खोल्या पाहुण्यांना देणारी कितीतरी कुटुंबं आहेत. तुमचं घर भंडारदऱ्याला, महाबळेश्वरला किंवा गोव्यात असलं तरी हिशोब तोच लागू होतो.

छोट्या माणसाला रिव्ह्यू जास्त का लागतो?

माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, वस्तू हातात घेतं, उलटसुलट बघतं, मग पैसे देतं. होमस्टेत तसं नाही. पुण्यातला माणूस तीनशे-साडेतीनशे किलोमीटर लांबची खोली न बघता बुक करतो. सोबत बायको, लहान मुलं, कधी म्हातारी आई असते. खोली वाईट निघाली तर वर्षातून एकदा मिळणारी सुट्टी वाया जाते. त्यामुळे त्याला कुणाचा तरी भरवसा हवा असतो.

मोठ्या हॉटेल साखळीकडे नाव असतं. नाव वाचलं की आत काय मिळणार याचा अंदाज येतो. तुमच्याकडे ते नाव नाही. ती जागा अनोळखी पाहुण्यांनी लिहिलेले चार शब्द भरून काढतात.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. येल्प या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. पण गंमत पुढे आहे. ही वाढ स्वतंत्र, एकट्या मालकांच्या रेस्टॉरंटांत दिसली, साखळीवाल्यांवर परिणाम झाला नाही. अभ्यास रेस्टॉरंटांचा आहे, तरी कारण आपल्यालाही लागू पडतं: ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्याबद्दल लोक आधी चौकशी करतात.

हॉटेलांबद्दलही आकडा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या क्रिस अँडरसन यांच्या २०१२ च्या अभ्यासानुसार, पाचपैकी गुणांमध्ये एक गुण वाढला तर हॉटेल आपला दर ११.२ टक्क्यांनी वाढवूनही तेवढ्याच खोल्या भरू शकतं. म्हणजे चांगल्या रिव्ह्यूमुळे खोल्या तर भरतातच, शिवाय दर पाडायची वेळ येत नाही.

आधी ताऱ्यांचं गणित समजून घ्या

कागद-पेन घ्या. समजा तुमचे १० रिव्ह्यू आहेत, सरासरी ४.८. बेरीज झाली ४८. आता एक पाहुणा चिडून १ तारा देऊन गेला. बेरीज ४९, रिव्ह्यू ११. सरासरी थेट ४.४५.

तेच ६० रिव्ह्यू असते तर? बेरीज २८८, अधिक १ म्हणजे २८९. भागिले ६१. सरासरी ४.७४. तोच चिडका पाहुणा, तोच एक तारा, पण धक्का खूपच कमी. म्हणून सुरुवातीच्या काळात रिव्ह्यूची संख्या फार महत्त्वाची असते.

आता पुन्हा ४.८ वर यायला किती पाच-तारे लागतील? करून बघा, १९ येतात. दहा रिव्ह्यूवाल्यालाही १९ आणि साठवाल्यालाही १९. एका वाईट रिव्ह्यूची परतफेड १९ चांगल्या रिव्ह्यूंनी होते.

याला वेळ किती लागतो बघा. दोन खोल्या, महिन्याला चार वीकेंड, प्रत्येक खोलीत शुक्रवार-शनिवार एक कुटुंब. सगळं भरलं तरी महिन्याला आठ कुटुंबं. त्यातलं तीनातलं एक कुटुंब रिव्ह्यू लिहितं असं धरलं, तर १९ रिव्ह्यूंसाठी ५७ कुटुंबं हवीत. म्हणजे सात महिने! कोकणात पाऊस सोडला तर सीझन असतो ऑक्टोबर ते मे, जेमतेम आठ महिने. बंद पडलेल्या गीझरवरून आलेला एक तारा तुमचा अख्खा सीझन खाऊ शकतो. आणि बँकेचा हप्ता पावसाळ्यातही चुकत नाही.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण "बघू, चालतंय" म्हणून सोडलेली छोटी गोष्ट किती महाग पडते ते एकदा आकड्यात दिसलं पाहिजे.

पाहुणा नक्की कशाला तारे देतो?

इथे बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं एसी, मोठा टीव्ही, स्विमिंग पूल असला की पाच तारे. तसं असतं तर साध्या कौलारू घराला कधीच चांगले रिव्ह्यू मिळाले नसते.

पाहुणा मनात दोन गोष्टी ताडून बघतो: मला काय सांगितलं होतं आणि काय मिळालं. सांगितल्याप्रमाणे मिळालं तर तो खूश. थोडं जास्त मिळालं तर पाच तारे. कमी मिळालं तर पंचतारांकित हॉटेललाही शिव्या देतो. म्हणजे चांगल्या रिव्ह्यूची सुरुवात पाहुणा येण्याच्या आधी, तुम्ही जाहिरातीत काय लिहिता तिथूनच होते.

"बीच टच" लिहिलंत आणि समुद्र दहा मिनिटांच्या चालीवर निघाला, तर पाहुणा पहिल्या तासातच नाराज. त्याऐवजी लिहा: "समुद्र चालत दहा मिनिटं, वाट माडांच्या बागेतून जाते, रात्री जाताना टॉर्च घ्या." ज्याला हे चालतं तोच येईल आणि आल्यावर त्याला ती वाट आवडेल.

जाहिरातीत या गोष्टी स्पष्ट लिहाच:

- गाडी दारापर्यंत येते की पाणंदीच्या तोंडाशी लावावी लागते.
- बाथरूम खोलीला जोडलेलं आहे की बाहेर. कमोड आहे की भारतीय पद्धतीचं.
- वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं. फक्त पंखा-दिवा चालत असेल तर तसंच लिहा.
- मोबाईलला कुठल्या कंपनीची रेंज मिळते. लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांना हे आधी कळायला हवं.
- जेवण घरचं, आणि ते किती वाजेपर्यंत सांगावं लागतं.
- पावसाळ्यात काय बंद असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स भर पावसात चालत नाहीत. जुलैत येणाऱ्याला हे तुम्हीच सांगा.

फोटोही खरे टाका. खोली दुप्पट दिसेल असा कॅमेरा लावू नका. बाथरूमचा स्वच्छ फोटो नक्की टाका, कारण घरातल्या बायका सगळ्यात आधी तोच शोधतात.

सेवा म्हणजे काय: चार टप्पे

पहिला टप्पा, येण्याच्या आदल्या दिवशी. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज: "नमस्कार, उद्या तुमची वाट बघतोय. लोकेशन पाठवलंय, पण मॅप शेवटच्या वळणावर चुकवतो, देवळापाशी आलात की फोन करा. रात्री उशीर होणार असेल तर जेवण झाकून ठेवू. मासे चालतात ना? कुणाचा उपवास, कुणाला कसली अॅलर्जी?" यातला प्रत्येक प्रश्न उद्याचा एकेक गोंधळ वाचवतो. रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरणाऱ्यांना रिक्षावाल्याचा नंबर आणि अंदाजे भाडं आधीच द्या.

दुसरा टप्पा, पहिली पंधरा मिनिटं. माणूस आठ-दहा तास प्रवास करून आलेला असतो. त्याला आधी पाणी, मग कोकम सरबत किंवा चहा, मग खोली. आधार कार्ड आणि रजिस्टर दहा मिनिटांनी केलं तरी चालतं, पण करायचंच. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरणं बंधनकारक आहे, ते विसरू नका. खोलीत नेल्यावर गीझर कसा लावायचा, कुठलं बटण कशाचं, पिण्याचं पाणी कुठलं, एवढं दाखवा.

तिसरा टप्पा, मुक्काम. इथे मूळ गोष्टी तीनच: स्वच्छ चादर, स्वच्छ बाथरूम, भरपूर पाणी. या तीन नसतील तर बाकी सगळं वाया. त्यानंतर तुमचं घरपण. सकाळी घावणे-चटणी, दुपारी ताज्या माशांचं जेवण आणि सोलकढी. हॉटेलवाल्याला जे पैसे खर्चून आणावं लागतं ते तुमच्या चुलीवर रोजच असतं. पण लक्षात ठेवा, पाहुण्याला एकांतही हवा असतो. दर तासाला "काही हवंय का?" विचारणं म्हणजे सेवा नव्हे. जेवणाच्या वेळी एकदा विचारलं की पुरे.

चौथा टप्पा, निघण्याची वेळ, ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तसेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या वेळात पाणी जरासं कोमट होत गेलं. पुन्हा कुठला अनुभव घ्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रासाचा निवडला! कारण त्याचा शेवट बरा होता. आपण अनुभव लक्षात ठेवतो तो त्यातल्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून.

आता विचार करा, दोन दिवस उत्तम गेले आणि निघताना "एक्स्ट्रा चहाचे साठ रुपये राहिले" यावर वाद झाला. रिव्ह्यूत काय येईल? तेच साठ रुपये. म्हणून हिशोब आदल्या रात्रीच समजावून सांगा. सकाळी निघताना वाटेसाठी पाण्याची बाटली भरून द्या, मुलांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवा, रस्ता कुठे खराब आहे ते सांगा. खर्च वीस-तीस रुपये.

काहीतरी बिघडलं तर?

बिघडणारच. मोटर जळेल, वीज जाईल, बाथरूममध्ये पाल निघेल. पाहुण्यालाही हे कळतं. त्याचा राग येतो तो कुणी लक्ष न दिल्याचा. अशा वेळी हा क्रम ठेवा:

१. आधी ऐकून घ्या. "आमच्याकडे असं कधी होत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याचा अर्थ "तुम्ही खोटं बोलताय" असा होतो.

२. वेळ सांगा. "बघतो" म्हणू नका. "इलेक्ट्रिशियनला फोन केलाय, तासाभरात येतोय, तोवर दोन बादल्या गरम पाणी चुलीवर ठेवलंय," असं म्हणा.

३. वेळ पाळा. पाळता येत नसेल तर वेळ संपायच्या आत सांगा.

४. त्रास मोठा असेल तर स्वतःहून काही द्या. एका जेवणाचे पैसे घेऊ नका, किंवा रात्रीच्या भाड्यातून काही कमी करा. पाहुण्याने मागितल्यावर दिलेल्या पाचशे रुपयांपेक्षा न मागता दिलेले दोनशे जास्त लक्षात राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी "रात्री झोप लागली ना नीट?" हा एक प्रश्न जरूर विचारा. तक्रार तुमच्या पडवीत बोलून झाली की इंटरनेटवर जाण्याची गरज कमी होते.

रिव्ह्यू मागायचा कसा?

मागायला लाजू नका. खूश पाहुणा घरी जाऊन कामाला लागतो आणि विसरतो. नाराज पाहुणा मात्र गाडीतच लिहायला बसतो. म्हणून तुम्ही मागितलं नाही तर चित्र आपोआप वाईटाकडे झुकतं.

योग्य वेळ म्हणजे ते घरी पोचल्यावर, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. मेसेज असा: "नमस्कार, सुखरूप पोचलात ना? तुम्ही आलात, घर भरल्यासारखं वाटलं. आमचा व्यवसाय नवीन आहे. वेळ मिळाला तर जे आवडलं आणि जे नाही आवडलं ते दोन ओळींत इथे लिहा, पुढच्या पाहुण्यांना उपयोग होईल." खाली लिंक. एकदाच पाठवा. मागे लागू नका. एअरबीएनबीवर मुक्कामानंतर रिव्ह्यू लिहायला दोन्ही बाजूंना १४ दिवस मिळतात, त्यामुळे तिथे आळस करू नका.

आणि आता न करण्याच्या गोष्टी. "पाच तारे द्या, दहा टक्के सूट देतो" असं म्हणू नका. पैसे, सूट किंवा भेट देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश पाहुण्यांनाच वेचून लिंक पाठवणं हेसुद्धा नाही. मेहुण्याकडून, मित्राकडून रिव्ह्यू लिहून घेणं तर नाहीच. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय, त्याचा रोखही खोट्या रिव्ह्यूंवरच आहे. नियम बाजूला ठेवा, धंद्याच्या दृष्टीनेही हे घाट्याचं आहे. खोटे पाच तारे वाचून आलेला पाहुणा मोठ्या अपेक्षेने येतो, आणि त्याचा खरा एक तारा तुम्हाला १९ ला पडतो.

वाईट रिव्ह्यूला उत्तर

तुमचं उत्तर ज्याने रिव्ह्यू लिहिला त्याच्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं. रात्री रागात लिहू नका, सकाळी लिहा. चार ओळी पुरतात: आभार, काय झालं ते मान्य, काय बदललं, पुन्हा या.

उदाहरण: "मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभारी आहोत. तुम्ही आलात त्या रात्री चार तास वीज नव्हती आणि इन्व्हर्टर पुरला नाही, तुमच्या आईंना त्रास झाला, याचं वाईट वाटतं. आता दोन्ही खोल्यांना पुरेल अशी मोठी बॅटरी बसवली आहे. पुन्हा येण्याची संधी द्याल अशी आशा आहे."

यात सबब नाही, वाद नाही. मात्र बॅटरी खरोखर बसवल्यावरच "बसवली" लिहा. रिव्ह्यू धादांत खोटा असेल, म्हणजे तो माणूस तुमच्याकडे राहिलाच नसेल, तर शांतपणे "या तारखांना आमच्याकडे या नावाची नोंद नाही" एवढं लिहा आणि प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. म्हणूनच रजिस्टर नीट हवं.

रिव्ह्यूची वही ठेवा

दुकानात खतावणी असते तशी एक वही करा. चार रकाने: तारीख, काय आवडलं, काय खटकलं, काय केलं. तोंडी सांगितलेलंही त्यात लिहा. दर महिन्याला उघडून बघा. एकच तक्रार तीनदा आली तर ती पाहुण्याची आवड-निवड नव्हे, तुमच्या घरातली अडचण आहे. पुढचा पैसा आधी तिथे लावा.

उलटही बघा. "काकूंच्या हातचं जेवण" हे दहापैकी सात जणांनी लिहिलं असेल, तर तुमचा धंदा जेवणावर चाललाय. मग टीव्ही घेण्याआधी स्वयंपाकघराची सोय करा, मदतीला एक बाई ठेवा आणि जाहिरातीत पहिला फोटो ताटाचा टाका. जेवण विकताय तर एफएसएसएआयची नोंदणीही करून घ्या.

वाढायचं कधी?

रिव्ह्यू चांगले आले की लोक लगेच तिसरी-चौथी खोली बांधायला घेतात. थांबा. आधी दर बघा. दोन खोल्यांच्या महिन्याला सोळा वीकेंडच्या रात्री, दर २,५०० रुपये, म्हणजे सगळं भरलं तर ४०,०००. सलग तीन महिने वीकेंड आधीच भरत असतील तर दर २,७५० करून बघा. तेच ४०,०००चे ४४,००० होतात, एकही वीट न लावता. मग वीकेंड सोडून मधले दिवस भरायचा प्रयत्न करा: निवृत्त जोडपी, घरून काम करणारे. हेही भरू लागलं की मग खोली.

कारण खोल्या वाढल्या की तुमचं लक्ष वाटलं जातं. दोन खोल्यांत पाहुण्याचं नाव, त्याच्या मुलाची आवड, आईची पथ्यं लक्षात राहतात. सहा खोल्यांत ती वहीत लिहावी लागतात आणि कामाच्या माणसाला शिकवावी लागतात. ते जमेपर्यंत कर्ज वाढवू नका.

या आठवड्यात एवढंच करा: आपल्या भागातल्या पाच होमस्टेंचे सगळे रिव्ह्यू बसून वाचा, खास करून एक आणि दोन ताऱ्यांचे. लोक कशावर चिडतात त्याची यादी करा. मग ती यादी हातात घेऊन आपल्या त्या दोन खोल्यांत एक रात्र पाहुण्यासारखं झोपून बघा. गीझर लावा, दार आतून लावून बघा, रात्री दोन वाजता बाथरूमला जाऊन बघा. काय काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत आपण त्याच्या खर्चाचा हिशोब मांडू.